दोनाचा तीन

मलेरियावाल्याला आमच्या गावात नाव नव्हतं. असेल, त्याच्या आईबापानं ठेवलं असेल एखादं, पण गावानं कधी विचारलं नाही. तो सायकलवर यायचा, खांद्याला खाकी थैली, थैलीत काचेचे तुकडे आणि बोटाला टोचायची सुई. ज्याला ताप असेल त्याच्या बोटाचं रक्त काचेवर घ्यायचा, कडूजहर गोळ्या द्यायचा, आणि जाताना दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकून, खाली रेघ ओढून, रेघेखाली एक आकडा लिहायचा. या घरात किती माणसं आजारी, तो आकडा. कोळसा मात्र त्यानं कधी स्वतःचा आणला नाही. "पोरी, चुलीतला कोळसा आण," म्हणायचा, आणि मी धावत जाऊन आणून द्यायची. मला त्याचं काय अप्रूप वाटायचं! आमच्या चुलीतला कोळसा सरकारच्या कामाला येतो म्हणजे लहान गोष्ट होती का?

आमचं गाव अल्लीपूरहून आत, पावसाळ्यात बैलगाडीचाही जीव काढणाऱ्या काळ्या मातीतलं. घरात आम्ही सात माणसं. आबाजी म्हणजे बाबांचे वडील, बाबा, माय, माझा थोरला भाऊ सुधाकर, मी, आणि काका-काकू. काका हिंगणघाटला गिरणीत कामाला होते, आठवड्यातून एकदा यायचे. आजी मी पाहिलीच नाही. त्यामुळे काकू मला म्हणायची, "या घरी सासू नाई म्हणून देवानं ही मंदी धाडली. उठल्या उठल्या हुकूम सोडते रांडीची!" आणि तोंडाला पदर लावून हसायची. सिंधू तिचं नाव. वडनेरकडची. लग्न होऊन दुसरं वर्ष लागलं होतं, वय असेल एकोणीस-वीस. सातवीपर्यंत शिकलेली. दुकानातून गूळ ज्या कागदात बांधून यायचा तो कागद ती फेकू द्यायची नाही. चुलीपुढे बसून, तव्यावरची भाकर एका हातानं उलटत, चिकट झालेल्या त्या कागदावरची अर्धीमुर्धी बातमी मला वाचून दाखवायची. बातमी फाटलेली असली की पुढचं ती स्वतःच्या मनानं जुळवायची. एकदा एका मंत्र्याच्या घरात तिनं वाघ सोडला होता. माय म्हणायची, "पुरे वो तुमचं, भाकर करपून राह्यली." आणि मायही हसत असायची.

त्या वर्षी भादव्यात गावात हगवण शिरली. आम्ही हगवणच म्हणायचो. मोठं नाव नंतर कळलं. कुणाच्या तरी तेरवीची पंगत होती, पहिल्या पंगतीला रिवाजाप्रमाणे सारे पुरुष बसले, आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघरचे पुरुषच आधी पडले. बायांच्या पंगतीपर्यंत भात पुरला नव्हता म्हणून त्या वाचल्या, असं तेव्हा सगळे म्हणाले. माझीही तीच समजूत होती. आता कळतं, त्या वाचल्या फक्त तीन दिवस. पुरुषांना रोग पंगतीतून आला, बायांना तो त्यांच्याच घरातल्या पुरुषांच्या धोतरांतून आला. घाणीनं भरलेली धोतरं, सतरंज्या, चिंध्या, सगळं त्यांच्याच हातांनी नाल्यावर धुतलं जात होतं. आणि त्याच हातांनी घरी येऊन त्या पीठ मळत होत्या. राखेनं हात घासायच्या, पण राख तरी किती पुरणार?

आमच्याकडे आबाजी आणि सुधाकर पडले, बाबा बचावले. सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, दोघांच्या दोन बाजा टाकल्या होत्या. माय आणि काकूनं वाटून घेतलं होतं, एकीनं धुणं, एकीनं चूल. तांदळाची पेज सारखी शिजत असायची, तिचा वास आजही नाकात गेला की मी उठून बाहेर जाते. आता देवळी गावात माझी पिठाची चक्की आहे, तिथं तांदूळ दळायला आणणाऱ्या बाया हसतात मला, की एवढी मोठी चक्कीवाली आणि पेज पीत नाही. नाही पीत. तिकडे सपरीत आबाजी कण्हायचे, बाजेची सुतळी करकरायची, आणि ती करकर ऐकली की दोघींपैकी एक जण हातातलं टाकून पळायची. सुधाकर सोळा वर्षांचा बाप्या, पण "माय वो, माय वो" असं लहान पोरासारखं रडायचा. त्याला कुणी हसलं नाही. दिवसाकाठी दहा वेळा तो नाल्याकडे जायचा, आणि पाय उचलेना तेव्हा गुरांच्या कोठ्यामागे बसायचा. बाप्याला काय, कुठंही बसावं.

इथं मला एक गोष्ट उघड सांगायची आहे, कुणाला आवडो न आवडो. बाईला दिवसा जायची सोय नव्हती. पहाटे अंधारात जायचं, नाही तर दिवेलागणीनंतर. मधला सगळा दिवस पोट दाबून राहायचं. हगवण लागलेल्या बाईनं काय करावं? तिनं एकच करावं, पाणी तोडावं. प्यायलंच नाही तर जावं लागणार नाही. आमच्या गावच्या बायांना तो उपाय कुणी शिकवला नव्हता, तो त्यांना आपोआप येत होता. पोरीबाळी असताना प्रवासाला निघालं, लग्नाला गेलं, शेतात निंदायला गेलं, की त्या हेच करायच्या. आणि ज्या रोगात पाणीच माणसाला जगवतं, त्या रोगात त्यांनी तेच केलं. मला याचा राग येतो. अजून येतो. परवाच्या त्या मोठ्या साथीत माझी सून अंगात ताप घेऊन पोळ्या लाटत होती, तेव्हा मी तिच्या हातातलं लाटणं हिसकून घेतलं आणि अशी ओरडले की शेजारचे दारात आले. तिला वाटलं सासूचं डोकं फिरलं. फिरू दे.

तर मलेरियावाला आला तो असा, साथीच्या तिसऱ्या दिवशी. या खेपेला तापासाठी आला नव्हता. सरकारी दवाखान्याची जीप परवा येणार, घरोघर किती रोगी आहेत ते लिहून ठेव, असा त्याला हुकूम होता. ज्या घरावर आकडा, त्या घरापुढे जीप थांबणार. आकड्याएवढ्या सलाईनच्या बाटल्या घेऊन डॉक्टर येणार. मी कोळसा आणून दिला. त्यानं सपरीतल्या बाजांकडे पाहिलं. एक, दोन. मग मला विचारलं, "अजून कोणी पडलं का वं?" मी म्हटलं, "नाई." ते त्या घडीला खरंच होतं. माय चुलीपाशी होती, काकू धुणं घेऊन नाल्यावर गेली होती. त्यानं दोनाचा आकडा काढला, मिठासाखरेच्या चार पुड्या दिल्या, उकळलेल्या पाण्यात घोळून पाजत राहा म्हणून सांगितलं, आणि सायकल ढकलत चिखलातून पुढे गेला.

त्याच सांजेला काकू दूर बसली. म्हणजे तिचे महिन्याचे दिवस आले. आमच्याकडे त्या चार दिवसांत बाईनं घरात यायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. कोठ्याला लागून एक पडवी होती, तिथं एक पोतं, एक लोटा, एक जर्मनची ताटली. मायला ते कळलं तेव्हा ती हातातला पाण्याचा गडवा खाली ठेवून भिंतीला टेकली. दोन माणसांचं काम आता एकटीवर आलं होतं. मी बारा वर्षांची, अजून दूर बसायला लागले नव्हते, म्हणून काकूकडे भाकर नेऊन द्यायचं काम माझं. द्यायचं म्हणजे वरून टाकायचं. पाणीही वरून ओतायचं. काकू म्हणाली, "या सासूबाई, आता तर मजा आहे तुमची, सून हात जोडून बसली." हसली, पण पदर तोंडाला लावला नाही. मी म्हटलं, "तुले बरं नाई का?" ती म्हणाली, "मले काय धाड भरली! तू मायकडे जाजो, ती एकटी मरून राह्यली तिकडं."

तिच्या दूर बसण्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी भाकर घेऊन गेले, तर आदल्या दिवशीची भाकर तशीच होती, तिला मुंग्या लागल्या होत्या. लोटा काठोकाठ भरलेला. पडवीच्या कोपऱ्यात तिनं ओकारीवर राख टाकली होती. ती पोत्यावर पाय पोटाशी घेऊन निजली होती, आणि तिचे डोळे आत गेले होते. सुधाकरचे गेले होते तसेच. मी विचारलं, "काकू, तुलेबी लागली का?" तिनं मला बोटानं जवळ बोलावलं. जवळ म्हणजे शिवणार नाही एवढं. म्हणाली, "कोणाले सांगू नको. दोन दिवस राह्यले. डोक्यावरून पाणी घेतलं की घरात येतो मी, मग सांगू." मी म्हटलं, "पाणी तरी पे." म्हणाली, "पेतो. अंधार पडू दे." मी लोटा तिच्याकडे सरकवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. शिवले असते तर मलाही आंघोळ करावी लागली असती, आणि घरात पाणी भरणारं दुसरं कोणी नव्हतं. एवढाच विचार मी केला. खोटं कशाला सांगू?

घरात आले तर माय चुलीपुढे आडवी. बाजेवर नाही, सासऱ्यादेखत आमच्या बाया बाजेवर बसतसुद्धा नसत, निजणं तर लांबच. जमिनीवर, डोक्याखाली पाट. चुलीतला जाळ बाहेर आला होता. मी लाकडं मागे सारली, तिला हलवलं, तर तिनं "हं" केलं आणि पुन्हा गप्प. तिच्या लुगड्याला वास येत होता. मला तेव्हा उमजलं की ही आज पडली नाही, कालपासून अशीच असेल. मी सपरीत जाऊन बाबांना सांगितलं. बाबा आबाजींना पेज भरवत होते. म्हणाले, "थकली असल. निजू दे थोडं." बाबा वाईट नव्हते. माझे बाबा अतिशय मऊ माणूस, बैलालासुद्धा काठी मारायचे नाहीत. पण बाई पडते ती थकून, आणि बाप्या पडतो तो आजारानं, हे त्यांच्या डोक्यात असं बसलं होतं की त्याला ते तरी काय करतील?

तेवढ्यात जीपचा आवाज आला. मारुतीच्या पाराशी ती चिखलात रुतली होती आणि घर्र घर्र करत होती. पोरं ओरडत धावली. मी चुलीतून एक कोळसा उचलला, बोटं भाजली, फुंकला, आणि भिंतीपाशी गेले. आपला दोन कसा असतो? वर एक पोट आणि खाली शेपूट. त्याला मधून आणखी एक पोट काढलं की तीन होतो. मी ते काढलं. वाकडं आलं, पण तीनच दिसत होतं. कोळसा माझ्या हातातच होता. मला काकू आठवली नाही असं नाही. आठवली. चार लिहायचा तर दोन पुसायला हवा होता, आणि पुसलेलं डॉक्टरला दिसलं असतं, तर तो म्हणाला असता पोरीनं खोडी केली. हे कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं कारण हे, की डॉक्टर परका माणूस, आणि त्यानं विचारलं असतं चौथं कोण, कुठं आहे, तिकडं का आहे. "काकू दूर बसली आहे" हे वाक्य परक्या बाप्यापुढे, बाबांसमोर, आबाजींसमोर माझ्या तोंडातून निघालं नसतं. लाजेनं मेले असते मी. मेली दुसरीच.

डॉक्टर तरुण होता, चष्म्यावर चिखल उडालेला. भिंतीकडे पाहिलं, सपरीतल्या बाजांकडे पाहिलं. "तीन ना? तिसरं कोण?" बाबा म्हणाले, "दोनच साहेब." मी म्हटलं, "तीन. माय आत हाये." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांचं काही चोरलं. डॉक्टरनं चपला काढल्या आणि सरळ सयपाकघरात शिरला. मागून आबाजींचा आवाज आला, "अरे, तिच्या तोंडावर पदर तर घ्या." डॉक्टर मायच्या हाताची शीर चाचपत होता. सापडेना. त्यानं तिच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. मग तो बाबांवर ओरडला, "आधी हिला! ते दोघं बसलेत उठून, हिला आधी!" सोबतच्या नर्सनं बाटली छताच्या मयालाच्या खिळ्याला टांगली. बाबा दाराची चौकट धरून उभे होते. मला त्या घडीला बाबांची फार दया आली, आणि फार रागही आला, दोन्ही बरोबरच.

बाटली अर्धी झाली तेव्हा मायनं डोळे उघडले. डॉक्टरनं तिला विचारलं, "बाई, घरात आणखी कुणी आजारी आहे का?" बाबा दारातून म्हणाले, "नाई साहेब, बाकी सारे ठीक." मी मायकडे पाहिलं. मायनं माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून डोळे मिटून घेतले. मला वाटलं, अशक्त आहे. डॉक्टर वहीत लिहून उठला. अजून पुष्कळ घरं होती.

दुपार कलल्यावर मी पडवीत गेले. लोटा भरलेलाच होता. या वेळी मी शिवले. काकूचा हात गार होता आणि बोटांची कातडी धुण्यात भिजल्यासारखी सुरकुतली होती, तिनं दोन दिवसांत धुण्याला हात लावला नव्हता तरी. तिनं ओठ हलवले. मी कान नेला. पाणी मागत होती. दिवस होता, उजेड होता, तरी मागत होती. मी लोटा लावला, सगळं ओघळून गळ्यात गेलं. मग मी किंचाळले. बाबा आले, त्यांनी विटाळ पाहिला नाही, काही पाहिलं नाही, तिला पोत्यासकट उचलली आणि गाडीत घातली. शेजारच्या दोघांनी बैल जुंपले. जीप गेली त्याच रस्त्यानं गाडी गेली. अल्लीपूरचा दवाखाना यायच्या आधीच ती संपली. बाबा सांगत, ती शेवटपर्यंत पदर डोक्यावर ओढायला पाहत होती, आणि हात वर जात नव्हता.

काका दुसऱ्या दिवशी आले. त्यांना कुणी तरी म्हणालं, "कमजोरी होती बापा तिले पहिल्यापासून." कोतवालानं ग्रामपंचायतीच्या वहीत तेच लिहिलं. कमजोरी! जिनं दोन दोन घागरी डोक्यावर आणि एक काखेत घेऊन नाल्याचा चढ चढावा, हसत चढावा, तिला कमजोरी. वर्षभरानं काकांचं दुसरं लग्न झालं, ती काकूही चांगली होती. गुळाचे कागद मात्र नंतर चुलीत जायला लागले.

दसऱ्याच्या आधी मलेरियावाला वही घेऊन पुन्हा आला. साथ उठली होती, त्याला हिशेब पुरा करायचा होता. भिंतीपाशी उभा राहून त्यानं वाचलं, "तीन रोगी. तिन्ही बरे. वा, नशीबवान घर आहे." आबाजी बाजेवर बसले होते, त्यांनी खाली पाहिलं. मी उंबऱ्यात होते. माझ्या तोंडून निघालं, "चार." तो म्हणाला, "चार कसे वं? भिंतीवर तीन हाये." मी म्हटलं, "तो मी काढला. तुमी दोन काढला होता, मी तीन केला. काकूले धरून चार होते. मले मालूम होतं, मी काढला नाई." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आबाजींच्या बाजेशी उभ्या असलेल्या बाबांकडे. बाबांची मान खाली. त्यानं वहीतला आकडा खोडला नाही. वही मिटली, थैलीत टाकली, आणि "मेलेल्याची वही वेगळी असते बाई," असं काहीतरी पुटपुटत पुढच्या घरी गेला.

मी आत आले. माय चुलीपुढे बसली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता मारते. मी मार खायला तयार होते, खरं तर मला मार हवा होता. तिनं परातीतलं पीठ बाजूला सारलं आणि माझा हात धरून मला खाली बसवलं.

"तुले कधीपासून मालूम होतं?" तिनं विचारलं.

"सकाळपासून. जीप यायच्या आधीपासून."

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. बाहेर सपरीत आबाजी खोकले, तेव्हा तिनं आवाज खाली आणला.

"मले आदल्या रातीपासून मालूम होतं," माय म्हणाली. "डॉक्टरनं मलेच इचारलं होतं."